स्वस्ताईची बखर

मराठी भाषेची एक मौज पाहण्यासारखी आहे. बाजार भरतो, जत्रा भरते, प्रदर्शन भरते. सेल मात्र ‘लागतो’. ठेच लागावी, उचकी लागावी, नाद लागावा, तसा तो लागतो. ज्या कोणा अनामिकाने हे क्रियापद सेलला प्रथम जोडले, त्याला व्यापाराचे मर्म चांगलेच ठाऊक असले पाहिजे. भरलेल्या बाजाराला आपण आपल्या पायांनी जातो. लागणारी गोष्ट मात्र आपण होऊन अंगाला येऊन भिडते. आणि ती लागून गेल्यावर काही काळ दुखत राहते.

दिवाळीच्या दिवसांत वडीलधारी मंडळी कापडाच्या नि भांड्यांच्या दुकानांत रमलेली असतात, तेव्हा घरातला तरुण मुलगा संगणकापुढे बसून निराळ्याच बाजारात हिंडत असतो. तिथे व्हिडिओ गेम विकले जातात. पेटी नाही, पुडके नाही, तबकडीसुद्धा नाही. पैसे भरले की खेळ तारेतून घरात येतो. या बाजारात वर्षातून चार-पाच वेळा मोठा सेल लागतो, आणि हजारो रुपयांचा खेळ शे-दोनशे रुपयांस मिळू लागतो. मुलगा दहा खेळ घेतो. त्यांतले दोन खेळतो, एक अर्धा टाकतो आणि उरलेले सात यादीत तसेच पडून राहतात. पुढच्या सेलच्या वेळी ती यादी पाहून त्याला चुटपुट लागते. आणि ती चुटपुट मनात असतानाच तो आणखी चार खेळ घेतो.

हा केवळ एका घरातला प्रकार नव्हे. २०१४ साली ‘आर्स टेक्निका’ या अमेरिकन नियतकालिकाने ‘स्टीम’ नावाच्या सर्वांत मोठ्या खेळ-दुकानाच्या गिऱ्हाइकांची पाहणी केली. लोकांच्या नावावर जमा असलेल्या सुमारे ७८ कोटी खेळप्रतींपैकी सुमारे ३७ टक्के प्रती एकदाही उघडल्या गेल्या नव्हत्या, असा अंदाज त्या पाहणीतून निघाला. दहा घरांत दिवाळीचा फराळ पाठवावा आणि त्यांतल्या जवळजवळ चार घरांनी डबा उघडूनही पाहू नये, तसे हे झाले. फरक इतकाच की इथे डब्याचे पैसे न उघडणाऱ्यानेच मोजलेले असतात.

वडील मंडळी यावर ‘आजकालची पोरे’ म्हणून मोकळी होतात. परंतु हे दुखणे आजकालचे नाही. त्याला चांगली पावणेदोनशे वर्षांची वंशावळ आहे, आणि त्या वंशावळीत आज्या-पणज्याही सापडतात.

पांढऱ्या कापडाचा महिना

गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये. १८५२ साली आरिस्तीद बूसिको नावाचा एक गृहस्थ ‘बों मार्शे’ नावाच्या दुकानात भागीदार झाला. त्या काळी युरोपातही आपल्यासारखीच घासाघीस चाले. गिऱ्हाइकाने आत शिरावे, दुकानदाराने त्याच्या अंगावरच्या कपड्यांवरून त्याची ऐपत ताडावी आणि त्याप्रमाणे भाव सांगावा. एकदा आत गेले की रिकाम्या हाताने बाहेर पडणे अप्रशस्त मानले जाई. बूसिकोने हे सारे मोडले. प्रत्येक वस्तूवर ठरीव भावाची चिठ्ठी लावली. कोणीही यावे, हिंडावे, हात लावून पाहावे, काही न घेता परत जावे, अशी मुभा दिली. आणि सर्वांत धाडसाची गोष्ट म्हणजे, घरी नेलेला माल पसंत पडला नाही तर तो परत घेऊन पैसे देण्याची पद्धत पाडली. आपल्याकडे माल जाकड नेण्याची चाल ओळखीच्या गिऱ्हाइकापुरती होती; बूसिकोने अनोळखी गिऱ्हाइकालाही हा मान दिला.

या बों मार्शेने आणखी एक गोष्ट जगाला शिकवली. नाताळची खरेदी आटोपली की जानेवारीत दुकान ओस पडे. हा पडीक महिना भरून काढण्यासाठी चादरी, टेबलावरची कापडे, टॉवेल असा पांढरा माल उतरत्या भावाने मांडण्याची प्रथा सुरू झाली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जॉन वानामेकरने १८७८ च्या जानेवारीत असाच ‘पांढरा सेल’ लावला. ज्या चादरी मार्चमध्ये लागणार त्या जानेवारीत घेऊन ठेवण्याची बुद्धी गिऱ्हाइकाला होऊ लागली; आणि ज्या मार्चमध्येही लागणार नव्हत्या, त्याही त्याच गठ्ठ्यातून घरी येऊ लागल्या.

एमिल झोला या फ्रेंच कादंबरीकाराने १८८३ साली अशाच एका भव्य दुकानावर कादंबरी प्रसिद्ध केली, आणि तिच्यासाठी बों मार्शेचे बारकाईने निरीक्षण केले. तिच्यात मार्ती नावाची एक बाई आहे. नवरा शाळामास्तर, पगार बेताचा. पण दुकानात पाऊल टाकले की बाईचा हात आवरत नाही. नड नसताना ती घेत सुटते आणि तिच्या खरेदीपायी त्या मास्तरांचा संसार धुळीला मिळतो. आजच्या तरुणाच्या न उघडलेल्या खेळांची ती पणजीच म्हणावयाची. मात्र ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, झोलाने नुसत्या बाईला दोष दिला नाही. दुकानाची मांडणी, गर्दी, दिव्यांचा झगझगाट, ‘आज आहे, उद्या नाही’ ही भावना या सर्वांचे मिळून एक यंत्र बनते आणि माणूस त्या यंत्रात सापडतो, हे त्याने दाखवले.

तळघरातले पंचांग

यंत्र म्हणायचे तर त्याचा खरा कारागीर बोस्टन शहरात झाला. एडवर्ड फायलीन हा तिथल्या एका नामांकित कापड-दुकानदाराचा मुलगा. वरच्या मजल्यांवर न खपलेला माल काढून टाकण्यासाठी त्याने १९०९ साली दुकानाच्या तळघरात एक विलक्षण बाजार उघडला. इथे प्रत्येक वस्तूवर ती मांडल्याची तारीख लिहिलेली असे. बारा दिवसांत ती खपली नाही तर भाव आपोआप पाव हिश्शाने उतरे. अठरा दिवस झाले की निम्म्यावर येई. चोविसाव्या दिवसानंतर मूळ भावाचा चौथा हिस्सा उरे. आणि तीस दिवस झाले तरी कोणी घेतली नाही, तर ती वस्तू धर्मादाय संस्थेला देऊन टाकत. भाव कमी करायला मालकाची परवानगी लागत नसे. पंचांगच भाव ठरवी.

या युक्तीतली गोम पाहा. सतरा दिवस झालेला एक कोट खुंटीला टांगलेला आहे. गिऱ्हाईक बाई तो पाहते. उद्यापर्यंत थांबले तर निम्म्या भावात मिळेल. पण उद्यापर्यंत तो राहील काय? मागे उभ्या असलेल्या बाईचा डोळाही त्याच कोटावर आहे. थांबावे तर कोट जाणार, घ्यावा तर पैसे जाणार! या कात्रीत सापडलेल्या गिऱ्हाइकाला कोट आपल्याला हवा आहे की नाही, हा मूळ प्रश्न विचारायला सवडच राहत नाही. बायका तिथे कोटाच्या दोन बाह्या दोघींनी धरून ओढत, अशी त्या तळघराची ख्याती झाली. मूळ इमारतीतले हे तळघर २००७ साली बंद पडले आणि त्याच्या नावाची इतर दुकाने २०११ मध्ये मिटली. पण त्याचे पंचांग मागे राहिले.

तथापि फायलीनच्या तळघराबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. तो कोट खरोखरच एकच होता. जागा खरोखरच हवी होती. पडून राहिलेल्या मालाला भाडे पडते, कसर लागते, फॅशन बदलते. म्हणून तो काढणे भाग होते. सेल ही त्या काळी व्यापाऱ्याची खरीखुरी नड होती, आणि त्या नडीचा फायदा गिऱ्हाइकाला मिळे. हे वाक्य ध्यानात ठेवावे. कारण पुढे कथा इथेच वळण घेते.

वाळवंटात पुरलेले खेळ

व्हिडिओ गेमच्या धंद्यात स्वस्ताई पहिल्यांदा आली ती संकट म्हणूनच. १९८० च्या सुमारास अमेरिकेत ‘अटारी’ या कंपनीच्या खेळयंत्राने घरोघर ठाण मांडले होते. खेळ प्लास्टिकच्या डबीत येत. १९७९ मध्ये अटारीच्याच काही कारागिरांनी बाहेर पडून ‘ॲक्टिव्हिजन’ ही स्वतंत्र कंपनी काढली आणि चांगले खेळ बनवले. ते पाहून ज्यांना खेळ बनवण्याचा गंधही नव्हता असे अनेकजण या धंद्यात उतरले. दुकाने डब्यांनी गच्च भरली. खुद्द अटारीने १९८२ च्या नाताळसाठी ‘ई. टी.’ या गाजलेल्या चित्रपटावरचा खेळ काढला. तो तयार करायला कारागिराला जेमतेम पाच आठवडे मिळाले होते. खेळ पडला. लाखो डब्या परत आल्या.

मग मालखपवणी सुरू झाली. तीस-पस्तीस डॉलरांचे खेळ पाच डॉलरांच्या टोपलीत येऊन पडले. आईबापांनी विचार केला, एका नव्या खेळाच्या किमतीत सहा येतात, तर सहाच घ्यावेत. पोरांनी ते लावून पाहिले. बहुतेक टाकाऊ निघाले. यातून दोन परिणाम झाले. चांगला खेळ पूर्ण भावाने विकणाऱ्याचे गिऱ्हाईक तुटले. आणि खेळ या वस्तूवरचाच विश्वास उडाला. १९८३ मध्ये सुमारे तीन अब्ज डॉलरांची असलेली ही उलाढाल १९८५ पर्यंत दहा कोटींच्या आसपास घसरली, असा अंदाज दिला जातो. अटारीने आपला पडीक माल १९८३ च्या सप्टेंबरात न्यू मेक्सिकोतल्या ॲलामोगोर्डो गावी खड्ड्यात पुरला. कित्येक वर्षे लोक याला दंतकथा समजत. २०१४ च्या एप्रिलमध्ये तो उकिरडा खणला तेव्हा डब्या खरोखरच सापडल्या, आणि त्यांतली ‘ई. टी.’ची एक डबी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसली. पाच डॉलरांनाही जी कोणी घेईना, ती अखेर ऐतिहासिक ठेवा ठरली!

याच सुमारास समुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये मात्र उलटा प्रकार घडला. तिथे १९८३ साली ‘मास्टरट्रॉनिक’ या कंपनीने अवघ्या १ पौंड ९९ पेन्सला खेळाची कॅसेट विकायला काढली. वर्तमानपत्रांच्या दुकानांत, पेट्रोल पंपावर ती मिळे. शाळकरी पोराला आठवड्याच्या खाऊच्या पैशांतून ती घेता येई. पोरगा शनिवारी एक कॅसेट आणी आणि आठवडाभर तीच खेळे, कारण पुढच्या शनिवारपर्यंत खिसा रिकामा असे. तेव्हा स्वस्ताई ही जात्याच वाईट, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. स्वस्त वस्तू गरिबाच्या मुलालाही खेळात बसवते, हे पुण्य तिच्या पदरी आहेच. प्रश्न आहे तो खिशाच्या नि वेळेच्या लगामाचा.

सुंभ जळला, पीळ राहिला

आता आपण आजच्या बाजारात येऊ. गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन या दोघांनी मायक्रोसॉफ्टची नोकरी सोडून १९९६ साली ‘व्हॉल्व्ह’ ही कंपनी काढली. १९९८ चा त्यांचा ‘हाफ-लाइफ’ हा खेळ गाजला. १२ सप्टेंबर २००३ रोजी त्यांनी ‘स्टीम’ सुरू केले ते मुख्यतः आपल्या खेळांच्या दुरुस्त्या घरबसल्या पोचवण्यासाठी. २००४ च्या नोव्हेंबरात ‘हाफ-लाइफ २’ खेळायचा तर स्टीम लावणे सक्तीचे झाले, तेव्हा खेळाडूंनी पुष्कळ कुरकुर केली. २००५ पासून इतरांचेही खेळ तिथे विकले जाऊ लागले, आणि पाहता पाहता ते जगाचे खेळ-दुकान बनले.

२००९ च्या फेब्रुवारीत न्यूएलने व्यवसायबंधूंच्या एका परिषदेत काही आकडे सांगितले. नाताळच्या सेलमध्ये भाव १० टक्के उतरवला तेव्हा गल्ला ३५ टक्क्यांनी वाढला. २५ टक्के उतरवला तेव्हा २४५ टक्क्यांनी; ५० टक्के उतरवला तेव्हा ३२० टक्क्यांनी; आणि ७५ टक्के उतरवला तेव्हा १४७० टक्क्यांनी! हे आकडे प्रतींचे नव्हेत, डॉलरांचे आहेत. चौथ्या हिश्शाच्या भावाने विकूनही गल्ला पंधरा-सोळा पट होतो, याचा अर्थ पूर्वी जिथे एक प्रत खपत होती तिथे साठाहून अधिक प्रती खपल्या. ‘लेफ्ट ४ डेड’ हा त्यांचा खेळ त्याच महिन्यात एका शनिवार-रविवारी निम्म्या भावाने दिला, तेव्हा विक्री ३००० टक्क्यांनी उसळली.

पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर! वाचकांना ही पायरी ओळखीची वाटेल. बोस्टनच्या तळघरातले हेच ते पंचांग. परंतु आता एक प्रश्न उभा राहतो. फायलीनला खुंटी रिकामी करायची होती. वानामेकरला चादरी काढायच्या होत्या. अटारीच्या टोपल्या ओसंडत होत्या. पण इथे खुंटी कुठे आहे? खेळाच्या एका प्रतीच्या दहा कोटी प्रती झाल्या तरी गोदामात इंचभर जागा अडत नाही. कसर लागत नाही, भाडे पडत नाही. जिथे शिल्लक मालच नाही, तिथे शिल्लक माल काढण्याचा सेल कसला? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा असा. सेलचे कारण नाहीसे झाले. सेलचा आकार तेवढा राहिला.

तो राहिला, कारण त्यातून दुसरेच काम होते. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली एक मार्मिक कूट मांडले होते. टिकाऊ वस्तू एकाच्याच हातात असेल तर तो पहिल्याने भाव चढा ठेवून हौशी लोकांना विकेल आणि मग उतरवून बाकीच्यांना. पण गिऱ्हाइकांना हे आधीच उमगले तर चढ्या भावाने घेणार कोण? सारेच थांबतील. म्हणून विकणाऱ्याने दोन गोष्टी साधल्या पाहिजेत: भाव केव्हा उतरेल हे नक्की कळू नये, आणि उतरला की तो लवकरच पुन्हा चढेल ही धास्ती असावी. खेळांच्या सेलमध्ये कित्येक वर्षे काही तासांपुरते भाव लावत आणि शेजारी उलटे घड्याळ टिकटिकत ठेवत. एकच उरलेल्या कोटाची जागा आता उरलेल्या तासांनी घेतली. कोटाची टंचाई खरी होती. तासांची टंचाई तयार केलेली होती. २०१५ च्या अखेरीस स्टीमने हे तासांचे भाव बंद केले आणि सेलभर एकच भाव ठेवायला सुरुवात केली. पण तोवर एका पिढीला घड्याळ पाहून खरेदी करण्याची सवय लागली होती.

इतरांनीही या ज्योतीत तेल घातले. २०१० च्या मे महिन्यात ‘हंबल बंडल’ने ‘द्याल ती किंमत’ म्हणून पाच-सहा खेळांचा गठ्ठा विकला आणि त्यातून धर्मकार्यालाही पैसा दिला. हेतू चांगला, पण गठ्ठ्यातला एक खेळ हवा म्हणून बाकीचे आपोआप घरी आले. २०१८ च्या डिसेंबरात उघडलेल्या ‘एपिक’च्या दुकानाने काही दिवसांतच ठराविक काळाने एकेक खेळ चक्क फुकट द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे २०१५ साली स्टीमवर रुपयांत भाव दिसू लागले, आणि पुण्या-मुंबईच्या पोरांना डॉलरचा हिशेब करताना जो एक क्षण विचाराला मिळत होता, तोही गेला. भारतीय बाजार या विद्येत मागे होता असे मात्र नाही. २६ जानेवारी २००६ ला ‘बिग बाजार’ने प्रजासत्ताकदिनी स्वस्ताईचा उत्सव मांडला तेव्हा गर्दी आवरेना, आणि ६ ऑक्टोबर २०१४ च्या ‘फ्लिपकार्ट’च्या महासेलनंतर दुसऱ्याच दिवशी संस्थापकांना गिऱ्हाइकांची माफी मागावी लागली.

चुटपुट कशाची?

आता पश्चात्तापाकडे वळू. दीडशे रुपयांचा खेळ न खेळता पडून राहिला तर माणसाने इतके हळहळावे का? रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ साली याचा उलगडा केला होता. पुढे २०१७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे असे की, खरेदीत दोन निरनिराळे आनंद असतात. एक वस्तू मिळाल्याचा; दुसरा सौदा साधल्याचा. हजाराची वस्तू दोनशेला मिळाली की आठशे ‘वाचल्या’चा जो हर्ष होतो, त्याचा त्या वस्तूशी काही संबंध नसतो. गोम अशी की सौद्याचा आनंद खरेदीच्या क्षणीच संपतो. वस्तूचा आनंद नंतर यायचा असतो. तो आलाच नाही की माणसाच्या हाती राहते ती पावती. वाचलेले आठशे कुठल्याच पेटीत सापडत नाहीत. गेलेले दोनशे मात्र खात्यातून गेलेले असतात.

शिवाय खेळाची खरी किंमत रुपयांत नसतेच. एखादा मोठा खेळ पुरा करायला पन्नास-साठ तास लागतात. नोकरी, अभ्यास, घरकाम यांतून रात्री तासभर मिळणाऱ्या माणसाला तो दोन महिने पुरतो. सेलमध्ये एका संध्याकाळी दहा खेळ घेणाऱ्याने जवळजवळ दोन वर्षांच्या रात्री गहाण टाकलेल्या असतात. पैशाला सूट मिळाली. वेळेला कोणीही सूट दिलेली नाही. न खेळलेल्या यादीकडे पाहून जी कळ उठते ती पैशाची नसून या न आलेल्या रात्रींची असते. आपण जो निवांत माणूस होऊ असे वाटले होते, तो आपण झालो नाही, याची ती कळ आहे.

जपानी भाषेत न वाचता साठवलेल्या पुस्तकांच्या ढिगाला ‘त्सुंदोकू’ असा खास शब्द आहे. आपल्याकडे शब्द नसला तरी ढीग आहे. दर दिवाळीला हौसेने घेतलेले किती अंक पुढच्या दिवाळीपर्यंत अर्धे वाचलेले असतात, हे ज्याने त्याने आपल्या टेबलाखाली वाकून पाहावे.

आणि सारा दोष दुकानदाराच्या माथी मारता येत नाही, याचेही एक उदाहरण इतिहासात आहे. ‘जे. सी. पेनी’ हे अमेरिकेतले जुने दुकान. २०१२ साली त्याचे नवे प्रमुख रॉन जॉन्सन यांनी ठरवले की, खोटे चढे भाव लावून मग सेल लावण्याचा खेळ बंद करायचा. रोज एकच रास्त भाव ठेवायचा. गिऱ्हाईक सुखावेल असे त्यांना वाटले. गिऱ्हाईक रुसले! त्या एका वर्षात विक्री २५ टक्क्यांनी घसरली आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये जॉन्सन यांना जावे लागले. लोकांना स्वस्त वस्तू नको होती. त्यांना स्वस्तात मिळवल्याचा पराक्रम हवा होता.

परतीची वाट

तरीही जुन्या नि नव्या बाजारात एक मोठे अंतर आहे, आणि या कथेतली खरी बोच तिथे आहे. बूसिकोने अनोळखी बाईला चादर परत करण्याची मुभा एकोणिसाव्या शतकात दिली होती. या नव्या बाजारात ती सरसकट मुभा यायला २ जून २०१५ उजाडावा लागला. त्या दिवसापासून स्टीमवर, घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला खेळ परत करता येऊ लागला. त्याआधीच, २०१४ साली, ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने व्हॉल्व्हवर दावा लावला होता. पैसे परत मिळणार नाहीत असे गिऱ्हाइकांना सांगणे तिथल्या कायद्याविरुद्ध होते. २०१६ मध्ये निकाल आयोगाच्या बाजूने लागला आणि कंपनीला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड झाला. चौदा दिवसांची मुदत मात्र आपल्या तरुणाला क्वचितच उपयोगी पडते. कारण त्याने तो खेळ चौदा महिने उघडलेलाच नसतो.

त्याहून खोल प्रश्न मालकीचा आहे. मार्तीबाईची चादर निदान तिची होती. ती लेकीला देता येई, मोडीत घालता येई. स्टीमच्या करारानुसार मात्र गिऱ्हाईक खेळ विकत घेत नाही, तो वापरण्याचा परवाना घेते. आणि आपले खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. ‘युबिसॉफ्ट’ कंपनीने ‘द क्रू’ या २०१४ च्या खेळामागची यंत्रणा ३१ मार्च २०२४ रोजी बंद केली, तेव्हा पैसे मोजून घेतलेला तो खेळ घेणाऱ्यांच्या घरीच निष्प्राण झाला. याच्या निषेधातून युरोपात सुरू झालेल्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला: १ जानेवारी २०२५ पासून, जो केवळ परवाना आहे त्याला ‘विकत घ्या’ म्हणायचे असेल तर तसे स्पष्ट बजावले पाहिजे.

म्हणजे पाहा, कपाटात न वाचलेले पुस्तक उद्या नातू वाचील, अशी तरी आशा असते. माळ्यावरचा बुद्धिबळाचा पट आजोबांनंतर नातवाच्या हाती येतो. एखादे प्यादे हरवलेले असले तर त्या जागी बटण ठेवून डाव मांडता येतो. न खेळलेल्या परवान्याला असा वारस नाही. म्हणून या स्वस्ताईतला पश्चात्ताप जुन्या पश्चात्तापाहून निराळा आहे. जुन्या काळी हळहळ वाटे ती नको असलेली वस्तू घरात उरल्याची. आता वाटते ती घरात काहीच उरत नसल्याची.

असो. आपल्या पूर्वजांनी खरेदीसाठी साडेतीन मुहूर्त ठेवले. व्यापाऱ्यांना त्यांचा लाभ होत नव्हता असे नाही. पण त्या रीतीत एक शहाणपण होते. नड आधी ठरे, मुहूर्त नंतर येई. दागिना करायचा हे चैत्रात ठरले तरी तो घ्यायचा दसऱ्याला, असा मधला काळ माणसाला विचारासाठी मिळे, आणि त्या काळात पुष्कळशी हौस आपण होऊन विरून जाई. सेलचा मुहूर्त दुकानदार काढतो; तिथे आधी मुहूर्त लागतो आणि नड मागाहून शोधावी लागते. घरातल्या तरुणाने या दिवाळीत एखादा खेळ अवश्य घ्यावा. सणासुदीला पोराच्या हौसेवर पाणी ओतणे कोणत्याही वडिलांना शोभत नाही. फक्त भाव किती उतरला हे पाहण्याआधी त्याने एवढेच पाहावे, की तो खेळ आज रात्री फराळानंतर उघडायचा आहे काय. उत्तर ‘होय’ असेल तर पूर्ण किंमतही जड नाही. आणि ‘पुढे कधीतरी’ असेल, तर दहा रुपयेसुद्धा महाग आहेत.